तव्यावर वितळणारा बळकट दोर

मालवणला दांडीच्या किनाऱ्यावर जाळी शिवणाऱ्यांकडे सुरी आणि लायटर या दोन वस्तू हमखास असतात. नायलॉनचा दोर कापला की टोक उसवतं. ते लायटरवर वितळवायचं आणि सुरीच्या पात्याने दाबायचं. (बोटाने दाबणारा आयुष्यात एकदाच दाबतो.) तिथे एका तांडेलकाकांनी मला पांढऱ्या, मेणचट दोराचा तुकडा दाखवला. म्हणाले, "ह्यो लोखंडी वायरीक भारी, पण इस्तवाक भियाता."

काका बरोबर होते. हा दोर पॉलिइथिलीनचा, म्हणजे बाजारात मासे भरून देतात त्या पिशवीच्याच कुळातला. डायनीमा हे त्याचं एक व्यापारी नाव. त्याचं बळ मोजायची सोपी रीत अशी: दोर उंचावरून लोंबत सोडला तर किती लांबीला तो स्वतःच्याच वजनाने तुटेल? चांगली पोलादी तार साधारण 25 किलोमीटरला तुटते, नायलॉनचा धागा 80 च्या आसपास. या पॉलिइथिलीनच्या धाग्याचा आकडा 350 च्या पुढे जातो. महाराष्ट्राचा किनारा 720 किलोमीटरचा असं आपण शाळेत शिकलो. त्याच्या जवळपास निम्मा!

मग पिशवी का फाटते? पिशवीत रेणूंच्या साखळ्या ताटातल्या शिरवाळ्यांसारख्या गुंतलेल्या असतात. दोरासाठी त्या कितीतरी जास्त लांब घेतात, द्रावणात विरघळवून गुंता सैल करतात आणि धागा मूळ लांबीच्या कित्येक पट ओढतात. साखळ्या एका दिशेला सरळ होतात आणि ताण थेट त्यांच्यातल्या कार्बनच्या बंधांवर येतो. पण शेजारच्या साखळ्यांना एकमेकींशी धरून ठेवणारी ओढ अगदी दुबळी. 150 अंशांच्या आसपास ती सुटते आणि धागा वितळतो. बांगडा तळायचं तेल याहून तापलेलं असतं.

केव्हलार या दुसऱ्या बळकट धाग्याची गोष्ट वेगळी. 1965 साली अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांना एक पातळ, गढूळ द्रावण मिळालं. धागा काढणाऱ्या यंत्रावरच्या माणसाने आधी नकारच दिला. बारीक छिद्रं तुंबतील, ही त्याची भीती. अखेर धागा निघाला, आणि तुटेना. केव्हलारच्या साखळ्या शिरवाळ्यांसारख्या लवचीक नाहीत, माडाच्या हिरांसारख्या ताठ आहेत. वाहत्या पाण्यात हीर सोडले की आपोआप प्रवाहाच्या दिशेला लागतात, तसंच या द्रावणात होतं. शिवाय शेजारच्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना घट्ट धरतात. म्हणून केव्हलार वितळतच नाही. साडेचारशे अंशांच्या पुढे कुठेतरी त्याचं विघटन होऊन तो करपतो.

मला सगळ्यात गंमत वाटते ती त्याच्या भावंडाची, नोमेक्सची. रासायनिक सूत्र तेच, फक्त साखळीतली कडी वाकडी जोडलेली. त्या एका वाकडेपणाने धाग्याची ताकद नायलॉनच्या पंगतीत येऊन बसते, पण उष्णता सोसायची ऐपत जवळपास तशीच राहते. अग्निशमन दलाच्या पोशाखाला तेवढी पुरते.

बळ आणि उष्णता सोसायची ऐपत, दोन्ही याहून जास्त हवीत? झायलॉन नावाचा धागा आहे: केव्हलारहून कितीतरी बळकट, साडेसहाशे अंशांपर्यंत तग धरणारा. पण दमट हवा आणि ऊन लागलं की तो कुजल्यासारखा कमजोर होतो. 2003 साली अमेरिकेत झायलॉनचं चिलखत घातलेला पोलीस गोळी आरपार जाऊन जखमी झाला आणि 2005 मध्ये अशा चिलखतांची मान्यता काढून घेतली गेली. कोकणातल्या जून महिन्यात त्याचं काय झालं असतं, विचारू नका.

काकांच्या नांगराला मात्र साधा नायलॉनच होता. डायनीमा काय नि केव्हलार काय, तीन-चार टक्के ताणले की तुटतात. नायलॉन पंधरा-वीस टक्के सहज ताणतो. लाटेने होडी उचलली की तो हिसका दोर गिळतो, होडीच्या खुंट्याला बसत नाही. पांढरा तुकडा काकांनी पुन्हा पिशवीत टाकला. लायटर जाळं शिवणारा पोरगा आधीच घेऊन गेला होता.