वैमानिकाचे स्वप्न आणि रक्ताचा एक थेंब : जनुकीय भेदभावाची पार्श्वभूमी

विमान कोणी उडवायचे आणि कोणी जमिनीवरच राहायचे हे ज्या समाजात माणसाच्या जनुकांवरून ठरते, तो समाज कल्पित साहित्यात बहुधा पुढच्या शतकात दाखवला जातो. प्रत्यक्षात असा निर्णय अमेरिकेच्या वायुदलात 1970 च्या दशकातच घेतला गेला आणि तो जवळपास दहा वर्षे अमलात राहिला. त्याचा फटका बसला तो सिकलसेल या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या करणाऱ्या अनुवांशिक आजाराच्या वाहकांना, म्हणजे ज्यांच्यात ते जनुक आहे पण आजार नाही अशांना. त्यासाठी ना संपूर्ण जनुकक्रम वाचावा लागला, ना संगणकाची गरज पडली. काही मिनिटांत होणारी एक स्वस्त रक्तचाचणी आणि भरतीच्या वैद्यकीय तपासणीचा एक अर्ज एवढ्यावर काम भागले. जनुकीय भेदभावाविषयी आज जगभर जे कायदे आहेत, त्यांतील बऱ्याच तरतुदींचे मूळ त्या दशकातील वादांमध्ये सापडते, म्हणून या टिपणात त्याच काळाला अधिक जागा दिली आहे.

त्यापूर्वीचा इतिहास सर्वपरिचित आहे. 1883 साली इंग्लंडमध्ये सुप्रजननशास्त्राला, म्हणजे ‘चांगल्या’ अनुवंशाचीच संतती वाढवावी या विचाराला, त्याचे इंग्रजी नाव मिळाले, 1907 साली अमेरिकेतील इंडियाना राज्याने सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला, 1927 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका राज्याचा तसाच कायदा वैध ठरवला आणि 1933 साली जर्मनीने तो मार्ग पुढे कुठवर नेला हे सांगण्याची गरज नाही. या साऱ्या प्रकारात ‘दोष’ नेमका कुठे आहे हे कोणालाच दाखवता येत नव्हते. वंश, गरिबी आणि कथित मतिमांद्य यांनाच अनुवंशाचे नाव दिले जात होते. 1949 साली सिकलसेल हा हिमोग्लोबिन या रक्तात प्राणवायू वाहून नेणाऱ्या प्रथिनाच्या रेणूतील बदलामुळे होणारा आजार आहे हे सिद्ध झाले आणि प्रथमच बोट ठेवता येईल असा अनुवांशिक फरक हाती आला.

हा शोध लावणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाला पुढे दोन नोबेल पारितोषिके मिळाली आणि अण्वस्त्रचाचण्यांचा विरोधक म्हणून त्याचे नाव जगभर आदराने घेतले गेले. त्याच गृहस्थाने 1968 साली एका विधी नियतकालिकात लिहिताना असे सुचवले की, सिकलसेलसारख्या जनुकाच्या तरुण वाहकांच्या कपाळावर एक चिन्ह गोंदावे, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमात पडण्याआधीच सावध होतील. हेतू मुलांचे दुःख टाळण्याचा होता यात शंका नाही, पण ती सूचना कोणत्या देशात आणि कोणत्या समाजाबद्दल केली जात होती याचे भान तिच्यात मुळीच दिसत नाही. अमेरिकेत या जनुकाचे वाहक प्रामुख्याने कृष्णवर्णीय होते, साधारण बारा जणांमागे एक.

इथेच तो गोंधळ सुरू होतो, ज्याने पुढे अनेकांच्या नोकऱ्या घालवल्या. आई आणि वडील या दोघांकडूनही बदललेले जनुक आले तर माणूस सिकलसेलचा रुग्ण होतो. एकाकडूनच आले तर तो वाहक असतो आणि बहुतेक वाहकांना आयुष्यभर त्याचा पत्ताही लागत नाही. विदर्भातील आरोग्य कर्मचाऱ्यांच्या बोलण्यात ‘एएस’ (वाहक) आणि ‘एसएस’ (रुग्ण) असा जो फरक सहज येतो, तो हाच. मात्र 1960 च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आलेली सोल्युबिलिटी चाचणी, म्हणजे रक्त एका द्रावणात मिसळून ते गढूळ होते का हे पाहणारी चाचणी, वाहक आणि रुग्ण या दोघांनाही ‘पॉझिटिव्ह’च दाखवत असे, आणि खरा फरक कळण्यासाठी त्यानंतर इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे विजेच्या साहाय्याने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी चाचणी, करावे लागे. सामूहिक तपासणीच्या उत्साहात ही दुसरी पायरी पुष्कळदा गाळली गेली. 1971 नंतर अमेरिकेतील डझनभर राज्यांनी शाळाप्रवेशापूर्वी किंवा विवाहापूर्वी ही तपासणी सक्तीची करणारे कायदे घाईघाईने केले. त्यांतील काहींच्या मसुद्यात वाहक आणि रुग्ण यांची सरमिसळ होती, तर एका ठिकाणी चक्क संसर्गजन्य रोगांच्या यादीत सिकलसेल घालण्यात आला. काही विमा कंपन्यांनी वाहकांकडून जास्त हप्ता घेतला, काही विमान कंपन्यांनी हवाई सेविकांना जमिनीवरील कामाला लावले किंवा कामावरून काढले.

लष्करातील प्रकरणाला मात्र एक खरी आणि दुःखद घटना कारणीभूत होती. 1968 आणि 1969 या काळात टेक्सास राज्यातील फोर्ट ब्लिस येथे, समुद्रसपाटीपासून सुमारे 4,000 फूट उंचीवर, प्राथमिक प्रशिक्षण घेणाऱ्या सुमारे 4,000 कृष्णवर्णीय जवानांपैकी चौघांचा श्रमानंतर अचानक मृत्यू झाला, आणि चौघेही वाहक होते. 1970 साली हा अहवाल एका अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध होताच, उंचीवर प्राणवायू कमी पडल्यास वाहकांच्याही रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, ही शंका धोरणाच्या पातळीवर गेली. तज्ज्ञांच्या समितीने वाहकांना सैन्यात सरसकट नाकारू नये असे म्हटले, पण वैमानिक आणि सहवैमानिक या कामांपासून त्यांना दूर ठेवावे असे सुचवले. कोलोरॅडो येथील वायुदल अकादमीने त्याच्याही पुढे जाऊन वाहकांना प्रवेशच बंद केला. त्यामुळे जो विमान उडवणार नव्हता, ज्याला अभियंता किंवा हवामानतज्ज्ञ व्हायचे होते, त्यालाही दार बंद झाले.

अकादमीच्या बाजूने सांगितला जाणारा युक्तिवाद असा होता की, तिचा परिसरच 7,000 फुटांपेक्षा उंच आहे, तिथले पहिल्या वर्षाचे प्रशिक्षण कठोर असते आणि प्रशिक्षणार्थ्याच्या जिवाची जबाबदारी संस्थेवर असते. हा युक्तिवाद वरवर पाहता निरुत्तर करणारा वाटतो. पण दबावयुक्त केबिन असलेल्या प्रवासी विमानात हवेचा दाब साधारण 8,000 फुटांवरच्या दाबाएवढा ठेवलेला असतो आणि तेवढ्या उंचीवर लक्षावधी वाहक विनातक्रार प्रवास करत होते. व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्यांत, म्हणजे शारीरिक श्रमाची कमाल गाठणाऱ्यांत, वाहकांचे प्रमाण एकूण कृष्णवर्णीय लोकसंख्येतील प्रमाणाच्या जवळपास असल्याचे त्याच काळात दिसून आले होते. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमाने चालवणाऱ्या कृष्णवर्णीय वैमानिकांची अशी तपासणी कोणी केली नव्हती आणि त्यांच्या कामगिरीबद्दल वाद नाही. वैमानिक होण्यास कोणालाही अपात्र ठरवता येते, दृष्टी किंवा शरीराची उंची यांवरूनही ठरवले जाते. फरक एवढाच की, तिथे प्रत्यक्ष उमेदवाराची क्षमता मोजली जाते, तर इथे त्याच्या गटातील चार मृत्यूंवरून त्याचे भवितव्य ठरवले गेले.

हे धोरण मागे घेतले गेले ते वैद्यकीय फेरविचारातून नव्हे, हे नोंदवले पाहिजे. प्रवेश मिळवून प्रशिक्षण सुरू केलेल्या एका खेळाडू तरुणाला 1979 साली केवळ रक्ताच्या अहवालावरून अकादमी सोडावी लागली. त्याने कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या वकिलांच्या मदतीने न्यायालयात धाव घेतली. खटल्याचा निकाल लागण्याची वेळच आली नाही, कारण 1981 साली वायुदलाने ही बंदी उठवली. ज्या शास्त्रीय पुराव्यावर ती दहा वर्षे टिकली, तो खटल्यात उलटतपासणीला सामोरा गेलाच नाही आणि त्यामुळे वादही पूर्णपणे मिटला नाही.

1987 साली, म्हणजे बंदी उठल्यानंतर सहा वर्षांनी, सुमारे 20 लाख जवानांच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. प्राथमिक प्रशिक्षणात अचानक मृत्यू येण्याचा धोका वाहक नसलेल्या कृष्णवर्णीय जवानांच्या तुलनेत वाहकांना सुमारे 28 पट असल्याचे त्यात आढळले. जुन्या धोरणाच्या समर्थकांना हा आकडा आजही जवळचा वाटतो. पण प्रत्यक्ष प्रमाण लाखात सुमारे 32 इतके होते आणि या मृत्यूंचा संबंध प्रामुख्याने उष्णता, पाण्याची कमतरता आणि सवय नसताना केलेले टोकाचे श्रम यांच्याशी होता, विमानाच्या उंचीशी नव्हे. त्यानंतर लष्कराने पुरेसे पाणी, टप्प्याटप्प्याने वाढणारा व्यायाम आणि उष्म्यानुसार विश्रांती हे नियम सर्वांनाच लागू केले. 2016 साली जवळपास 48,000 कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास झाला तेव्हा वाहकांच्या मृत्युदरात फरक आढळला नाही, मात्र श्रमामुळे स्नायू मोडण्याच्या विकाराचा धोका 54 टक्क्यांनी अधिक दिसला. धोका होता आणि आहे. पण तो तपासणी करून माणसे वगळण्याने नव्हे, तर प्रशिक्षणाची पद्धत बदलल्याने कमी झाला. अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडाक्षेत्रात हाच वाद 2006 साली एका खेळाडूच्या मृत्यूनंतर पुन्हा उद्भवला. 2010 साली तिथे वरच्या श्रेणीच्या खेळाडूंनी तपासणी किंवा लेखी नकार यांपैकी एक द्यावे असा नियम झाला आणि रक्तविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2012 साली या सक्तीला विरोध नोंदवला आहे.

कायद्याची वाट याच प्रकरणांतून तयार झाली. 1972 च्या संघराज्य कायद्याने तपासणी ऐच्छिक असेल तरच निधी देण्याची अट घातली, आणि 1975 साली नॉर्थ कॅरोलायना राज्याने सिकलसेल वाहकांना नोकरी नाकारण्यास मनाई केली. 1998 साली कॅलिफोर्नियातील एका संशोधन प्रयोगशाळेच्या कर्मचाऱ्यांनी केलेल्या दाव्यात अपील न्यायालयाने, कर्मचाऱ्यांना न सांगता त्यांच्या रक्ताची अशी तपासणी करणे हा खासगीपणाच्या हक्काचा प्रश्न असल्याचे मान्य केले; तिथे सिकलसेलसाठी तपासले गेलेले कर्मचारी कृष्णवर्णीय होते. 1995 पासून रखडलेले जनुकीय भेदभावाविरुद्धचे राष्ट्रीय विधेयक अखेर 2008 साली प्रतिनिधिगृहात 414 विरुद्ध 1 अशा मतांनी मंजूर झाले. नोकरी आणि आरोग्य विमा यांत जनुकीय माहितीचा वापर त्याने रोखला. आयुर्विमा, अपंगत्व विमा आणि दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा मात्र बाहेर राहिले. गणवेशातील सैनिकांनाही हा कायदा लागू नाही, म्हणजे ज्या सेवेत हा वाद पेटला होता तीच त्याच्या कक्षेबाहेर आहे.

युरोपात प्रश्नाचे रूप वेगळे होते. जर्मनीच्या हेसेन राज्यात 2003 साली एका तरुण शिक्षिकेला कायम सेवेत घेण्यास नकार मिळाला, कारण तिच्या वडिलांना हंटिंग्टन हा मेंदूचा अनुवांशिक आजार होता आणि स्वतःची चाचणी करून घेण्यास तिने नकार दिला होता. ती स्वतः निरोगी होती, आजाराची शक्यता पन्नास टक्के होती, आणि वर्गात शिकवण्याचे काम ती उत्तम करत होती. पुढच्या वर्षी प्रशासकीय न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला आणि 2009 साली जर्मनीने स्वतंत्र जनुकीय निदान कायदा केला. आपल्याविषयी न जाणण्याचा हक्क हा या कायद्याचा गाभा आहे. कॅनडाने 2017 साली असाच कायदा केला आणि 2020 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो अगदी काठावरच्या बहुमताने वैध ठरवला.

भारतात यासाठी स्वतंत्र कायदा नाही. प्रश्न प्रथम ठळकपणे पुढे आला तो विम्यातून. वर्षानुवर्षे आरोग्य विमा असलेल्या एका हृदयरुग्णाचा दावा, त्याचा आजार अनुवांशिक आहे या कारणाने फेटाळला गेला. 2018 च्या सुरुवातीला दिल्ली उच्च न्यायालयाने जनुकीय विकार सरसकट वगळणारी अट अतिव्यापक, संदिग्ध आणि घटनेच्या समानतेची हमी देणाऱ्या अनुच्छेद 14 चा भंग करणारी ठरवली. त्याच वर्षी मार्चमध्ये विमा नियामकाने या अटीच्या आधारे दावे नाकारू नयेत असा आदेश दिला, पण ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाच्या निकालातील कायद्याच्या मुद्द्याला स्थगिती दिली. परिणामी आज जे संरक्षण आहे, ते नियामकाच्या सूचनांवर उभे आहे.

नोकरीच्या बाबतीत तेवढाही आधार नाही, आणि महाराष्ट्राचा संबंध येतो तो इथे. विदर्भातील नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली हे जिल्हे आणि सातपुड्यातील नंदुरबार येथे आदिवासी आणि दलित समाजांत सिकलसेल मोठ्या प्रमाणात आढळतो. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी करण्याचे आणि 2047 पर्यंत आजाराचे निर्मूलन करण्याचे उद्दिष्ट आहे. तपासलेल्या व्यक्तीला तिच्या स्थितीची नोंद असलेले कार्ड दिले जाते आणि विवाह ठरवताना ही कार्डे जुळवून पाहावीत असा सल्ला दिला जातो. हा सल्ला वैद्यकीयदृष्ट्या रास्त आहे, आणि कपाळावरच्या गोंदणापेक्षा कार्ड निश्चितच सौम्य आहे. पण तपासणीचा भार ज्या समाजांवर प्रामुख्याने पडतो, त्यांतील वाहक मुलींची लग्ने मोडण्याची भीती गावोगाव बोलून दाखवली जाते, याची दखल मोहिमेच्या आराखड्यात पुरेशी घेतलेली दिसत नाही.

रुग्णांची अडचण आणखी वेगळी आहे. 2016 च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया या रक्तविकारांचा 21 अपंगत्वांत समावेश केला. किमान 40 टक्के अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्याला त्यामुळे उच्च शिक्षणातील 5 टक्के आरक्षणाचा लाभ मिळू शकतो. मात्र सरकारी नोकऱ्यांतील 4 टक्के आरक्षणाच्या प्रवर्गांत रक्तविकारांचे नावच नाही. राखीव जागेवर पदवी घेतलेला तरुण नोकरीच्या रांगेत सर्वसाधारण उमेदवार म्हणून उभा राहतो आणि भरतीच्या वैद्यकीय तपासणीत त्याच्या आजाराचा विचार तेवढा होतो. वाहक तर या कायद्यात कुठेच नाही. त्याला ना सवलत आहे, ना भेदभावाविरुद्ध संरक्षण. एचआयव्हीबाधितांना नोकरीत भेदभावापासून संरक्षण देणारा कायदा 2017 साली झाला, पण त्या धर्तीवर जनुकीय स्थितीसाठी काहीही झालेले नाही.

येऊ घातलेल्या काळाची चर्चा बहुधा गर्भांच्या निवडीपाशी अडकते. अमेरिकेत काही कंपन्या हजारो जनुकीय फरकांची बेरीज करून गर्भांना गुण देतात आणि त्यांचा आधार बव्हंशी युरोपीय वंशाच्या लोकांची माहिती हाच आहे. भारतात 2021 च्या साहाय्यित प्रजनन कायद्याने गर्भाची रोपणपूर्व तपासणी ज्ञात अनुवांशिक आजारांपुरतीच मर्यादित ठेवली आहे, त्यामुळे त्या बाजूने निदान कागदावर तरी बंधन आहे. जन्मलेल्या माणसाच्या माहितीला मात्र तसे बंधन नाही. वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या 2018 आणि 2019 च्या मसुद्यांत जनुकीय माहिती ‘संवेदनशील’ म्हणून वेगळी काढली होती. 2023 साली संमत झालेल्या कायद्यातून तो वर्गच गाळण्यात आला, आणि सिकलसेल मोहिमेतून जमा होणाऱ्या कोट्यवधी नोंदींना आज इतर कोणत्याही वैयक्तिक माहितीइतकेच संरक्षण आहे.