बेरजांतून दिसणारा मेंदू

मावशी न्हाणीघरात पाय घसरून पडली, डोक्याला मार लागला आणि डॉक्टरांनी सी.टी. स्कॅन लिहून दिला. कागद हातात धरून ती मला म्हणाली, "अरे, एका सी.टी.त चारशे एक्स-रेंएवढं रेडिएशन असतं ना? मग नकोच ते."

हा आकडा कोविडच्या दुसऱ्या लाटेत घरोघरी पोचला. मे २०२१मध्ये एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी एक सी.टी. म्हणजे छातीचे ३०० ते ४०० एक्स-रे असं सांगितलं आणि रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने त्याला हरकत घेतली. सौम्य लक्षणं असणाऱ्यांनी उगाच स्कॅन करू नयेत, हा गुलेरियांचा मुद्दा योग्यच होता. 'स्कोअर किती आला?' असं आपण तेव्हा फोनवर एकमेकांना विचारत होतो. म्हणजे सी.टी.त फुप्फुस किती बाधित दिसलं, त्याचे गुण. फुप्फुसाचे पाच खंड, प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, एकूण २५. मात्र मावशीच्या मनात राहिला तो फक्त चारशेचा आकडा.

छातीच्या एक्स-रेचा डोस अगदीच किरकोळ असतो, ०.०२ ते ०.१ मिलिसिव्हर्ट (हे किरणांचा डोस मोजायचं एकक). इतक्या लहान संख्येने कशालाही भागलं तर उत्तर भयंकरच येणार. त्यापेक्षा दुसरं माप घ्यावं. जमीन, हवा, अन्न आणि अवकाशातून आपल्याला दर वर्षी जगाच्या सरासरीने सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतात. डोक्याच्या साध्या सी.टी.चे साधारण २, छातीच्या सी.टी.चे ६-७, पोटाच्या सी.टी.चे ८-१०. म्हणजे मावशीचा स्कॅन वर्षभराच्या नैसर्गिक डोसापेक्षाही कमी.

पण एवढ्या किरणांच्या बदल्यात मिळतं काय, ते मला सांगायचं आहे. सी.टी. हा फोटो नाही. ते सोडवलेलं गणित आहे.

चार चौकोनांची एक चौकट घ्या. चौकोन म्हणजे शरीराचा छोटा तुकडा आणि त्यातला आकडा म्हणजे तो तुकडा किरण किती अडवतो ते. वर ५ आणि ७, खाली ६ आणि २. आता आकडे झाका. मी फक्त बेरजा सांगतो: आडव्या ओळी १२ आणि ८, उभे स्तंभ ११ आणि ९. आतले आकडे ओळखता येतील? नाही. वर ६, ६ आणि खाली ५, ३ ठेवले तरी याच बेरजा येतात. पण डावीकडून उजवीकडे उतरणाऱ्या तिरक्या रेषेची बेरीज ७ आहे एवढं कळलं, की कोडं सुटलं. साध्या एक्स-रेत एकाच दिशेची बेरीज मिळते, म्हणून कवटीच्या हाडामागे मेंदू झाकला जातो. सी.टी.त एक्स-रे सोडणारी नळी तुमच्याभोवती फिरते आणि शेकडो दिशांनी बेरजा गोळा करते.

खरं तर किरण प्रत्येक थरात ठरावीक प्रमाणात घटतो, म्हणजे तिथे गुणाकार होतो. पण लॉगरिदम घेतला की गुणाकाराची बेरीज होते. मग प्रत्येक बेरीज ती ज्या रेषेवरून आली त्याच रेषेवर परत पसरायची. सगळ्या दिशांनी पसरलं, की गाठ असेल तिथे रेषा एकमेकींवर पडून ठिपका उठतो. अडचण अशी, की ठिपक्याभोवती चांदणीसारखा धूसर पसारा उरतो आणि तो अंतराच्या व्यस्त प्रमाणातच विरतो. म्हणून पसरण्याआधी प्रत्येक मोजमाप गणिती गाळणीतून काढतात. तिच्यामुळे मोजमापातल्या उंच टोकाच्या दोन्ही बाजूंना ऋण आकडे येतात, आणि वेगवेगळ्या दिशांचे हे ऋण आकडे धूसर पसारा खाऊन टाकतात. उरतो नितळ ठिपका. मला हे आजही जादूपेक्षा मोठं वाटतं.

या गणिताचा पाया योहान राडॉनने १९१७ सालीच घातला होता. १९६३-६४मध्ये ॲलन कॉरमॅकने ते स्वतंत्रपणे पुन्हा शोधलं, तेव्हा फारसं कुणी लक्ष दिलं नाही. आणि गाण्यांच्या रेकॉर्ड काढणाऱ्या ईएमआय कंपनीतल्या गॉडफ्री हाउन्सफील्ड या इंजिनिअरने यंत्र बांधलं. १ ऑक्टोबर १९७१ला लंडनमध्ये पहिल्या रुग्ण स्त्रीचा मेंदू स्कॅन झाला. चित्र ८० बाय ८० चौकोनांचं, म्हणजे ६,४०० अज्ञात संख्या, आणि त्या काढायला २८,८०० मोजमापं. १९७९चं नोबेल कॉरमॅक आणि हाउन्सफील्डला विभागून मिळालं.

किरण किती अडतात हे सांगणाऱ्या, हाउन्सफील्डच्या नावाच्या मापात पाणी ०, हवा उणे १०००, मेंदू साधारण ३५ आणि ताजं गोठलेलं रक्त ६० ते ८०. हा थोडासा फरक जीव वाचवतो. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांत द्यायचं असतं, पण मेंदूत रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन घातक. दोन्हींची लक्षणं सारखीच. स्कॅनमध्ये मात्र रक्त पांढरं दिसतं.

मावशीला आत नेलं तेव्हा तिला बोगदा अपेक्षित होता. तो एमआरआयचा. सी.टी.चं यंत्र म्हणजे मोठं कडं, आणि सगळं काही मिनिटांत संपतं. तिला शिरेतून औषध द्यावं लागलं नाही. ज्यांना आयोडिनचं कॉन्ट्रास्ट, म्हणजे रक्तवाहिन्या आणि अवयव उठून दिसावेत म्हणून द्यायचं औषध, देतात त्यांना अंगभर ऊब, तोंडात धातूची चव आणि लघवी झाल्यासारखं वाटतं. ते क्षणात जातं. आधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासतात (त्यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं), कारण औषध मूत्रपिंडातून बाहेर पडतं. पूर्वी याच औषधाची रिॲक्शन आली असेल तर आधी सांगाच. कोळंबीची ॲलर्जी म्हणजे आयोडिनची ॲलर्जी, हा मात्र गैरसमज आहे.

यंत्र बंद झालं की किरणं संपली, दिवा मालवल्यावर खोलीत उजेड उरत नाही तशी. त्यामुळे 'रेडिएशन बाहेर काढणारे' काढे विकणारे लोक, जे शरीरात नाहीच ते काढून देण्याचे पैसे घेतात. लक्षण नसताना फुल बॉडी सी.टी.चं पॅकेज घेणंही मला पटत नाही. १० मिलिसिव्हर्टमागे जीवघेण्या कॅन्सरची शक्यता अंदाजे दोन हजारांत एकने वाढते, असं अमेरिकेचं औषध प्रशासन सांगतं. धोका लहान आहे, पण शून्य नाही, आणि मुलांमध्ये जास्त. युरोपातल्या नऊ देशांतल्या सुमारे साडेनऊ लाख मुलांच्या आणि तरुणांच्या अभ्यासातून २०२३मध्ये निष्कर्ष निघाला, की दहा हजार मुलांचे स्कॅन केले तर पुढच्या बारा वर्षांत एक-दोघांना त्यामुळे रक्ताचा कॅन्सर होऊ शकतो. म्हणून लहान मुलाचा स्कॅन सांगितला तर 'सोनोग्राफीने भागेल का?' हे जरूर विचारावं. गरोदर असाल किंवा तशी शंका असेल तर तेही आधी सांगावं.

मावशीच्या स्कॅनमध्ये कुठे पांढरं दिसलं नाही. तरी डॉक्टर म्हणाले, पुढच्या महिना-दीड महिन्यात डोकं दुखलं, गुंगी आली किंवा चालताना तोल गेला, तर परत या. उतारवयात कवटी आणि मेंदूच्या मधे रक्त हळूहळू साचू शकतं. असं रक्त दोन-तीन आठवड्यांत आपलं पांढरेपण गमावतं, त्याचा आकडा उतरत उतरत मेंदूएवढाच होतो आणि मग त्याच्याही खाली जातो. मधल्या त्या काळात रेडिओलॉजिस्ट रक्ताचा रंग शोधत बसत नाही. मेंदूच्या घड्या एका बाजूला सरकल्या आहेत का, ते तो पाहतो.