गाणं न ऐकताच गाणं सुचवणारं यंत्र

'फोन आपलं बोलणं चोरून ऐकतो, नाहीतर मला नेमकं हेच गाणं आवडेल हे त्याला कळलं कसं?' हा प्रश्न इतक्या जणांकडून येतो की एकदा उत्तर लिहूनच टाकावं म्हटलं. गाणी सुचवायला तुमचं बोलणं ऐकण्याची गरजच नसते. गंमत म्हणजे, बऱ्याचदा गाणंसुद्धा ऐकावं लागत नाही!

स्पॉटिफायने जुलै २०१५मध्ये 'डिस्कव्हर वीकली' सुरू केलं. दर सोमवारी ३० गाण्यांची यादी, प्रत्येकाची वेगळी. त्यामागचा मोठा कच्चा माल म्हणजे लोकांनी हौसेने बनवलेल्या प्लेलिस्ट. दोन गाणी एकाच यादीत टाकणारा माणूस नकळत सांगून जातो की ही दोन एकत्र शोभतात. अशा लाखो याद्यांमधून काय काढता येतं, ते बघू.

गूगलमधल्या तोमास मिकोलोव आणि सहकाऱ्यांनी २०१३मध्ये 'वर्डटूव्हेक' ही पद्धत मांडली. शब्दाच्या आजूबाजूला कोणते शब्द येतात, त्यावरून ती त्याची जागा ठरवते. तिथे वाक्याऐवजी प्लेलिस्ट आणि शब्दाऐवजी गाणं ठेवलं की आपलं काम झालं.

सुरुवातीला प्रत्येक गाण्याला एक बाण, म्हणजे सदिश, द्यायचा, दिशा कुठलीही. मग एक प्लेलिस्ट उचलायची. तिच्यात शेजारी असलेल्या दोन गाण्यांचे बाण एकमेकांकडे किंचित वळवायचे. एवढंच करत राहिलो तर सगळे बाण एकाच दिशेला जाऊन गोळा होतील. म्हणून प्रत्येक वेळी साठ्यातून चिठ्ठ्या टाकून काही भलतीच गाणी काढायची आणि त्यांच्यापासून आपला बाण थोडा दूर ढकलायचा. हे कोट्यवधी वेळा.

समजा, शेवटी क = (०.८, ०.६) आणि ख = (०.६, ०.८) असे बाण मिळाले. दोन्ही बाणांची लांबी १ आहे, त्यामुळे घटकांचा गुणाकार करून घेतलेली बेरीज १च्या जितकी जवळ, तितकी त्यांची दिशा सारखी. इथे ०.४८ + ०.४८ = ०.९६, म्हणजे दोघांत जेमतेम १६ अंशांचा कोन. ग = (−०.६, ०.८) असेल तर क आणि ग यांचं उत्तर शून्य येतं, म्हणजे काटकोन. प्रत्यक्षात घटक दोन नसून शंभराच्या घरात असतात, पण हिशेब हाच.

आता मला सर्वांत आवडणारी खुबी. लोकप्रिय गाणं प्रत्येकाच्याच यादीत असतं. मग ते सगळ्यांचंच जवळचं ठरायला हवं. तसं होऊ नये म्हणून त्या सोडतीत त्याच्या नावाच्या चिठ्ठ्याही जास्त असतात. मात्र प्रमाणात नाही, तर संख्येच्या पाऊण घातानुसार: १६ पट लोकप्रिय गाण्याला ८ पट चिठ्ठ्या. ओमर लेव्ही आणि योआव गोल्डबर्ग यांनी २०१४मध्ये दाखवलं की या ओढाताणीतून उरतो तो साधारणपणे एक लॉगरिदम: दोन गोष्टी योगायोगाने जितक्या वेळा एकत्र आल्या असत्या, त्याच्या किती पट जास्त वेळा आल्या याचा.

तुम्ही ऐकलेल्या गाण्यांच्या बाणांची सरासरी काढायची आणि तिच्याजवळची, तुम्ही न ऐकलेली गाणी पुढे करायची, हा झाला सुचवण्याचा सर्वांत साधा मार्ग.

यंत्राला शेजार कळतो, खरंखोटं नाही. ४३२ हर्ट्झला सूर लावलेलं संगीत आरोग्याला चांगलं, असं मानून '४३२ हर्ट्झचं आरोग्यदायी संगीत' अशा याद्या बनवणारे पुष्कळ आहेत, म्हणून ती गाणी एकमेकांच्या जवळ जातात. त्यातून त्या दाव्याला काडीचाही आधार मिळत नाही. हर्ट्झ म्हणजे दर सेकंदाला होणारी कंपनं, आणि सेकंद माणसाने ठरवलेला आहे. निसर्गाला ४३२ या आकड्याचं कौतुक कुठून असणार?

या पद्धतीची खरी अडचण वेगळीच आहे. काल आलेलं, कुणाच्याच यादीत नसलेलं गाणं तिला दिसतच नाही. तिथे मात्र ध्वनी ऐकावा लागतो. सँडर डीलेमन या संशोधकाने २०१४मध्ये स्पॉटिफायमध्ये इंटर्न असताना गाण्यांचे तीन-तीन सेकंदांचे तुकडे, वारंवारतेच्या आलेखाच्या रूपात, एका न्यूरल नेटवर्कला, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या प्रोग्रामला, दिले. त्यातला एक फिल्टर, म्हणजे ठरावीक नमुना हेरणारा भाग, गायकाच्या थरथरत्या सुराला प्रतिसाद देऊ लागला, दुसरा बास ड्रमला; हे कुणी मुद्दाम शिकवलं नव्हतं. नेटवर्कला ओळखायचं होतं ते सूर किंवा ताल नव्हे, तर श्रोत्यांच्या सवयींवरून आधीच काढून ठेवलेले, त्या गाण्याच्या बाणाचे आकडे.