लेशेटित्स्की आणि ‘पद्धत’ या शब्दाचा गुंता

एकोणिसाव्या शतकातले नामवंत पियानोशिक्षक थिओडोर लेशेटित्स्की यांच्या नावाला ‘पद्धत’ हा शब्द आजही चिकटलेला आहे. पियानो शिकवणारे आपला परिचय देताना बेथोव्हेन, त्यांचे शिष्य चेर्नी, चेर्नींचे शिष्य लेशेटित्स्की, मग अमुक, मग तमुक अशी गुरुपरंपरा सांगतात आणि शेवटी स्वतःचं नाव जोडतात. यातली परंपरा खरी आहे. तिच्यातून एक ठरावीक पद्धत खाली उतरत आली, हे म्हणणं मात्र तपासून घ्यायला हवं. तसं पाहिलं तर तो घोळ सुरू झाला व्हिएन्नातल्या एका घरात, आणि खुद्द लेशेटित्स्कींच्या सहीने.

सुरुवातीचा भाग थोडक्यात. जन्म १८३० चा, गॅलिशियातल्या (आजच्या पोलंडमधल्या) वाइन्त्सुत इथल्या सरदारी वाड्यातला. वडील तिथे संगीतशिक्षक होते. अकराव्या वर्षाच्या सुमाराला व्हिएन्नात चेर्नींकडे शिक्षण सुरू झालं आणि किशोरवयातच ते स्वतः शिकवू लागले. पुढे एका बैठकीत बोहेमियाच्या एका पियानोवादकाला त्यांनी ऐकलं. पियानोवर स्वर असा गाता येतो, हे त्यांच्या तेव्हा प्रथम ध्यानात आलं. तोवरची तयारी बोटांच्या चपळाईची होती. त्यानंतर त्यांनी तोच नाद शोधायला घेतला. १८५२ मध्ये ते रशियात पीटर्सबर्गला गेले. दहा वर्षांनी तिथे संगीतशिक्षणाची मोठी संस्था उभी राहिली आणि पियानोचा विभाग त्यांच्याकडे आला. १८७८ मध्ये ते व्हिएन्नाला परतले आणि मग कुठल्याही संस्थेत न जाता घरीच शिकवत राहिले.

हे घरी शिकवणं महत्त्वाचं आहे. विख्यात पियानोवादक लिस्टही चेर्नींचेच शिष्य, पण जर्मनीत वायमारला त्यांच्याकडे भरे ती तयार वादकांची मैफल. कुणाचं बोट कुठे अडखळतं यात ते फारसे शिरत नसत. लेशेटित्स्की मात्र एकेका विद्यार्थ्याला समोर बसवून शिकवत, आणि शिवाय सर्वांसमोर वाजवण्याचा वर्ग वेगळा भरे. १८८६ मध्ये लिस्ट वारले. त्याच सुमाराला पोलिश पियानोवादक पादेरेव्स्की व्हिएन्नाला येऊन शिकत होते. १८८४ मध्ये ते पहिल्यांदा दारात आले तेव्हा त्यांचं वय होतं चोवीस. आता उशीर झाला, बोटांना वळण नाही, असंच लेशेटित्स्कींचं मत पडलं होतं. तरी त्यांनी शिकवलं. १८८८ मध्ये पॅरिस आणि १८९१ मध्ये अमेरिका या शिष्याने अशी काही गाजवली की त्यानंतर व्हिएन्नाच्या त्या घराकडे परदेशी विद्यार्थ्यांची, विशेषतः अमेरिकनांची, रीघ लागली.

एवढ्या सगळ्यांना एकट्याने शिकवणं शक्य नव्हतं. म्हणून सहाय्यक होते, बहुतेक स्त्रियाच. त्यांना जर्मनमध्ये ‘फोरबेराइटर’ म्हणत, म्हणजे पूर्वतयारी करून घेणारे. नवा विद्यार्थी आधी त्यांच्याकडे जाई. हाताची कमान, सैल मनगट, बोटांचं वळण, काही सुरांवर बोटं दाबून ठेवून उरलेल्यांनी करायचे व्यायाम, हे पक्कं झालं की मग मोठ्या गुरूंसमोर. कित्येकांचे यात महिनोन्‌महिने गेले. दहा जणींनी शेकडो मुलांना शिकवायचं तर काहीतरी एकसारखं ठरवून घ्यावंच लागतं. माझ्या मते ‘पद्धत’ जन्मली ती इथे, पूर्वतयारीच्या खोलीत. लेशेटित्स्कींच्या खोलीत नव्हे.

१९०२ मध्ये त्यांच्या एका जुन्या सहाय्यिकेने या पूर्वतयारीवर पुस्तक लिहिलं. शीर्षकातच लेशेटित्स्की पद्धतीचा पाया असल्याचं म्हटलं होतं आणि आत त्यांच्या स्वतःच्या हाताची छायाचित्रं होती. पुस्तकाच्या आरंभी त्यांचं पत्र छापलेलं आहे. सगळा गुंता या एका पत्रात आहे. पियानोच्या सैद्धांतिक पद्धतींचा मी तत्त्वतः चाहता नाही, असं ते आधी म्हणतात. मग याच पुस्तकातला शब्दन्‌शब्द आपल्याला मान्य असल्याचं सांगतात, आणि आपली पद्धत समजावणारं हेच एकमेव अधिकृत पुस्तक आहे, असंही जाहीर करतात. म्हणजे पद्धत नको, आणि ही माझी अधिकृत पद्धत, दोन्ही एकाच पत्रात.

काहींना यात व्यवहार दिसतो. त्यांचं नाव लावून शिकवणारे गावोगावी झाले होते. कुठल्या तरी एका मजकुरावर शिक्का मारून बाकीच्यांना आवर घालणं सोयीचं होतं. हे कारण असूही शकतं. पण बरीच वर्षं निष्ठेने काम केलेल्या सहाय्यिकेला दिलेलं ते प्रशस्तिपत्र होतं, हेही नाकारता येत नाही. त्या बाईंनी लिहिलं ते खोटं नाही. पायाचं काम त्यांना नेमकं ठाऊक होतं. चूक झाली ती वाचणाऱ्यांची. पाया म्हणजेच घर, अशी त्यांनी समजूत करून घेतली.

घरात खरोखर काय चाले, ते पुढे नामवंत पियानोवादक झालेल्या श्नाबेल यांच्या उदाहरणावरून कळतं. १८९१ मध्ये ते आले तेव्हा नऊ वर्षांचे होते. आधी साधारण वर्षभर अ‍ॅनेट एसिपोव्हांकडे पूर्वतयारी झाली. एसिपोव्हा स्वतः मोठ्या वादक होत्या आणि त्या काळात लेशेटित्स्कींच्या पत्नी. मग लेशेटित्स्कींनी या मुलाला सांगितलं की तू पियानोवादक कधीच होणार नाहीस, तू संगीतकार आहेस. इतर विद्यार्थी लिस्टच्या रॅप्सडी वाजवत असताना याला त्यांनी शूबर्टचे सोनाटे दिले, जे त्या काळी जवळजवळ कुणी वाजवत नसे. पुढे श्नाबेल त्याच सोनाट्यांसाठी ओळखले गेले. ठरलेली पद्धत चालवणारा शिक्षक एका मुलासाठी असा वेगळा रस्ता काढत नाही.

आपल्याकडे अशा वेळी ‘घराणं’ हा शब्द तोंडात येतो. पण घराण्याचा गवय्या चार ताना घेताच ओळखू येतो. लेशेटित्स्कींचे शिष्य तसे ओळखू येत नाहीत. फ्रीडमनची मझुर्का, श्नाबेलचा बेथोव्हेन आणि मोइसेइविचचा शुमान एकामागोमाग ऐका. एकाच गुरूची ही माणसं आहेत, यावर विश्वास बसत नाही. समान आहे ती सवय. रचनेतली एक-दोन मापं (म्हणजे तालाची आवर्तनं, ‘बार’) घ्यायची, पियानोला हात न लावता ती डोक्यात पक्की करायची, मग वाजवायची, आणि वाजवलेलं परक्याचं असल्यासारखं ऐकायचं. एकदम वाजवायचा स्वरसमूह असला तर त्याचा आकार हाताने पट्ट्यांवर पडण्याआधीच घेतलेला हवा. हे व्यायामांच्या पुस्तकात मावण्याजोगं नव्हतं. त्यांच्या एका शिष्याचा उजवा हात पहिल्या महायुद्धात गेला. सैबेरियातल्या युद्धकैद्यांच्या छावणीत पियानो नव्हता, तेव्हा तो लाकडी खोक्यावर डाव्या हाताची बोटं वाजवत रियाज करत होता. नंतर राव्हेलने त्याच्यासाठी डाव्या हाताचा कॉन्चेर्टो लिहिला. लेशेटित्स्कींची शिकवण या खोक्यावर मला त्या छायाचित्रांपेक्षा जास्त दिसते.

विसाव्या शतकाच्या आरंभी हाताच्या वजनाचा सिद्धांत (नाद बोटांच्या जोरापेक्षा सैल सोडलेल्या हाताच्या वजनातून काढायचा, हा विचार) मांडणारे पुढे आले आणि ‘लेशेटित्स्की पद्धत’ म्हणजे नुसती बोटांची कसरत, अशी टीका सुरू झाली. टीकेचं लक्ष्य होतं पुस्तक, बसली मात्र ती माणसाला. १९१५ मध्ये ड्रेस्डेनला त्यांचं निधन झालं.

त्यांच्या हातचं वादन सुदैवाने राहिलं आहे. १९०६ मध्ये, पंचाहत्तराव्या वर्षी, त्यांनी यांत्रिक पियानोसाठी कागदी गुंडाळ्यांवर बारा रचना नोंदवल्या. त्यात शोपँचं डी-फ्लॅट मेजरमधलं नॉक्टर्न, म्हणजे एक संथ, गाणारी रचना, आहे. अधिकृत पुस्तकात एक नियम दिला आहे. मंद्रातला स्वर आधी आणि सुरावटीचा स्वर किंचित मागून, असं वाजवायला हरकत नाही, पण ते फक्त वाक्याच्या आरंभी, आणि तेही बहुधा महत्त्वाच्या स्वरावर. त्या नॉक्टर्नमध्ये लेशेटित्स्की हे जवळजवळ पावलोपावली करतात.