फेनवेची भिंत: होमरन खाणारी, डबल वाढणारी

बेसबॉलमध्ये दोन बेसमधलं अंतर 90 फूट, पिचरपासून (चेंडू टाकणाऱ्यापासून) होम प्लेट, म्हणजे बॅटर उभा राहतो ती जागा, 60 फूट 6 इंच. यात बोटभर फरक चालत नाही. कुंपण किती लांब आणि किती उंच असावं, हे मात्र पूर्वी ज्याचं त्याने ठरवायचं. 1958 नंतर बांधलेल्या व्यावसायिक मैदानांसाठी किमान अंतरं ठरली: दोन्ही कडांना 325 फूट, समोर मधोमध 400. आधीची मैदानं तशीच राहिली. क्रिकेटमध्ये दोरी थोडी आत घेतली तरी आपण कुरकुरतो; इथे तर प्रत्येक मैदानाचं भूमितीचं पुस्तकच वेगळं.

बॉस्टनचं फेनवे पार्क त्यातलं सगळ्यात हट्टी. टायटॅनिक बुडून पाच दिवस झाले होते तेव्हा, 20 एप्रिल 1912 रोजी, ते मोठ्या सामन्यांसाठी उघडलं. डाव्या बाजूला लगेच लॅन्सडाउन स्ट्रीट, त्यामुळे मैदान तिकडे पसरायला जागाच नव्हती. डाव्या कोपऱ्याचं अंतर आजही 310 फूट, म्हणजे साधारण 94.5 मीटर सांगतात. जागा आडवी मिळाली नाही म्हणून उभी घेतली: 37 फूट 2 इंचांची भिंत, तीन-चार मजली इमारतीएवढी. आधी ती लाकडाची होती, 1934 मध्ये पत्र्याची झाली. 1947 मध्ये तिच्यावरच्या जाहिराती पुसून हिरवा रंग दिला आणि पुढे तिचं नाव ‘ग्रीन मॉन्स्टर’ पडलं.

उजव्या हाताचा बॅटर चेंडू ओढून मारतो तेव्हा तो आपल्या भाषेत मिडविकेटकडे जातो. बेसबॉलमध्ये ते लेफ्ट फील्ड. म्हणजे थेट भिंतीकडे. अशा बॅटरसमोर डावखुऱ्या पिचरने फेनवेत जपूनच टाकावं, असा जुना समज आहे.

आता दोन फटके घेऊ. पहिला सणसणीत आणि सपाट: ताशी 165 ते 170 किलोमीटर, जमिनीशी 20 अंशांचा कोन. हवा त्याचा वेग खाते, चेंडूची उलटी फिरकी त्याला जरा तरंगत ठेवते. कोपऱ्याच्या अंतरावर पोचतो तेव्हा हा चेंडू ढोबळमानाने आठ-नऊ मीटर उंच असतो. अडीच मीटरच्या कुंपणावरून तो सहज गेला असता, होमरन, म्हणजे आपला षटकारच. इथे भिंत 11.3 मीटरची, म्हणून तो आपटतो आणि मैदानात परत येतो.

दुसरा फटका तसा फसलेला. वेग ताशी 150च्या आसपास, कोन 35 अंश. हा आभाळात चढतो, आणि हवेच्या रोधामुळे चढताना जितका तिरपा होता त्यापेक्षा जास्त उभा खाली येतो. शाळेत काढलेला तो सुबक, दोन्ही बाजूंनी सारखा पॅराबोला खऱ्या चेंडूला कधीच जमत नाही. इतर मैदानांत कोपऱ्यापासून थोडं आत हा चेंडू खाली उभ्या असलेल्या फील्डरच्या हातमोज्यात अलगद पडतो. फेनवेत तो खाली यायच्या आतच भिंत मध्ये येते, आणि तीही फील्डरच्या हातापेक्षा बरीच वर.

गंमत बघा, एकीकडे होमरन बुडाला, दुसरीकडे झेल बुडाला, आणि दोन्ही फटक्यांचा शेवट बहुधा एकच: डबल. बॅटर दुसऱ्या बेसवर उभा राहून गुडघ्यावरची माती झटकतो. फेनवेला होमरनचं मैदान समजणाऱ्यांची इथे चूक होते. ही भिंत खरं तर डबलचा कारखाना आहे. बॉस्टनचा वेड बॉग्ज डावखुरा बॅटर, तरी ओढून मारण्याऐवजी चेंडू उशिरा खेळून उलट्या बाजूला, भिंतीकडे ढकलायचा. 1983 ते 1988 या सहा मोसमांत पाच वेळा सरासरीत तो लीगमध्ये पहिला आला.

भिंतीवरून चेंडू परत कसा येतो, हे वेगळंच शास्त्र आहे. ताशी शंभरएक किलोमीटर वेगाने कठीण लाकडावर आपटलेला बेसबॉल निम्म्याहून थोड्याच जास्त वेगाने उसळतो; बाकीची ऊर्जा आतल्या लोकरीच्या सुतात जिरते. पण हा आकडा भिंत कडक आहे असं धरून. पत्र्याच्या काळात मागे आधार असलेल्या जागी चेंडू टणकन यायचा, पोकळ जागी धपकन मरायचा. त्यात तळाशी हाताने पाट्या बदलायचा धावफलक, आणि वर एक लोखंडी शिडी. भिंतीमागच्या जाळीत पडलेले चेंडू काढायला ती लावली होती. 2003 मध्ये वर खुर्च्या आल्या, जाळी गेली, शिडी तशीच आहे. तिला लागलेला चेंडू कुठे जाईल याचं गणित मांडायच्या भानगडीत पडू नये.

ते गणित अंगात मुरलेला माणूस म्हणजे कार्ल यास्त्रेमस्की. 1961 मध्ये तो बॉस्टनच्या संघात टेड विल्यम्सच्या जागी लेफ्ट फील्डला आला. चेंडू भिंतीला लागणार हे ओळखूनही तो झेल घेणार असल्यासारखा निवांत उभा राहायचा. धावणारा फसून थबकायचा, आणि मग हा गर्रकन वळून उसळलेला चेंडू उचलायचा.

अंतर कमी केलं की होमरन वाढतात, हेही सरळ नाही. 1940 मध्ये उजवीकडचं कुंपण सुमारे 23 फूट आत आणलं, डावखुऱ्या विल्यम्सची सोय होईल म्हणून. आदल्या वर्षी त्याचे होमरन 31 होते. त्या वर्षी 23 झाले.

2 ऑक्टोबर 1978. न्यूयॉर्क यांकीजविरुद्धचा निर्णायक सामना, सातवा डाव, बॉस्टन 2-0 ने पुढे. बॅटिंगला बकी डेंट, ज्याचे अख्ख्या मोसमातले होमरन हा धरून पाच. त्याने मारलेला चेंडू डावीकडे वर गेला, फार लांबचा वगैरे अजिबात नव्हता. खाली यास्त्रेमस्की होता, त्याच्याइतकं त्या भिंतीला कुणी ओळखत नव्हतं. चेंडू भिंतीला लागलाच नाही. वरून जाऊन जाळीत पडला, आणि तीन धावा झाल्या.