घड एप्रिलमध्येच ठरतात

एप्रिलमध्ये नाशिक जिल्ह्यातल्या निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागा पाहिल्या, तर नवख्याला वाटेल हंगाम संपला. खरड छाटणी झालेली असते आणि वेलीवर नुसत्या काड्या उरलेल्या असतात. बागायतदाराची खरी धास्ती मात्र इथून सुरू होते. पुढच्या दीड-दोन महिन्यांत नव्या काडीच्या डोळ्यांत सूक्ष्म घडनिर्मिती होते. त्या वेळी ऊन, पाणी आणि खताचं गणित चुकलं, तर ऑक्टोबर छाटणीनंतर घडच कमी निघतात. मग फेब्रुवारीत पॅकहाउसमध्ये कितीही काटेकोर प्रतवारी केली, तरी मणी त्यामुळे गोड होत नाही. कुठला घड बाजूला काढायचा, एवढंच कळतं.

आपल्या महाविद्यालयांतली वार्षिक परीक्षा ही अशीच प्रतवारी आहे, आणि आपण सगळी गुणवत्ता तिच्यातच शोधतो.

मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला ‘स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स’ शिकवते. त्याआधी नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात होते. तिथे रिजेक्शन, म्हणजे नाकारला जाणारा माल, वाढलं की आधी विचारलं जायचं, ‘मशीनवर काय बदललं?’ कॉलेजात निकाल घसरला की विचारतात, ‘विषय कोणाकडे होता?’ या दोन प्रश्नांमधल्या फरकात शंभर वर्षांचं एक शास्त्र दडलेलं आहे.

16 मे 1924 रोजी अमेरिकेतल्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत वॉल्टर शूहार्ट या भौतिकशास्त्रज्ञाने वरिष्ठांना एक छोटं टिपण दिलं. त्यात एक साधा आलेख होता, मधोमध सरासरीची रेषा आणि वर-खाली एकेक मर्यादारेषा. प्रत्येक प्रक्रियेत थोडा चढउतार असतोच, असं शूहार्टचं म्हणणं होतं. मर्यादारेषांच्या आतली हालचाल त्या व्यवस्थेचा स्वभाव समजायची. बिंदू रेषेबाहेर पडला, तरच काहीतरी वेगळं घडलंय असं मानून कारण शोधायला निघायचं. हाच धागा घेऊन अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड्स डेमिंग 1950 मध्ये जपानी अभियंत्यांना आणि कारखानदारांना शिकवायला गेले. दुसऱ्याच वर्षी जपानने त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू केला. 2003 मध्ये तो महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागालाही मिळाला.

डेमिंग आपल्या शिबिरांत एक प्रयोग करायचे. खोक्यात 4000 मणी, त्यातले 800 लाल. लाल मणी म्हणजे खराब माल. कामगार झालेल्या लोकांनी 50 खळग्यांची पट्टी खोक्यात बुडवायची आणि वर काढायची. कोणाच्या पट्टीवर 6 लाल यायचे, कोणाच्या 14. डेमिंग 6 वाल्याचं कौतुक करायचे, 14 वाल्याला सगळ्यांसमोर झापायचे. पुढच्या फेरीत बहुधा चित्र उलटायचं. कामगाराच्या हातात काहीच नव्हतं, दोष खोक्याचा होता. पण झापलेला माणूस अधिक मन लावून पट्टी बुडवू लागायचा, हे पाहून मला दरवेळी वाईट वाटतं. आमच्या स्टाफरूममध्ये ते चेहरे मी पाहिलेले आहेत.

आता हेच गणित वर्गाला लावू. समजा, 60 मुलांच्या वर्गात एका विषयात वर्षानुवर्षं सरासरी 18 नापास होतात, म्हणजे 30 टक्के. 18 ला उरलेल्या 0.7 हिश्शाने गुणलं की 12.6 येतात. त्याचं वर्गमूळ साधारण 3.5, आणि त्याची तिप्पट साडेदहाच्या आसपास. सरासरीच्या वर-खाली एवढ्या अंतरावर शूहार्टच्या मर्यादारेषा येतात. म्हणजे 8 पासून 28 पर्यंत कितीही मुलं नापास झाली, तरी व्यवस्थेत काही बदललं असं त्या एका आकड्यावरून म्हणता येत नाही. गेल्या वर्षी 14 नापास झाले म्हणून सत्कार, यंदा 23 झाले म्हणून खुलासा मागणारं पत्र. दोन्ही लाल मण्यांचे खेळ. 35 नापास झाले तर मात्र थांबायचं. अर्ध्या सत्रात शिक्षक बदलले का? प्रश्नपत्रिका अभ्यासक्रमाबाहेर गेली का?

आणि 18 ही सरासरीच खटकत असेल, तर तिचं उत्तर एका शिक्षकाच्या डोक्यावर हात ठेवून किंवा कान पिळून मिळणार नाही. वेळापत्रक, पहिल्या वर्षाचं गणित, प्रयोगशाळेतल्या यंत्रांची संख्या, मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला इंग्रजी पुस्तक वाचताना लागणारा वेळ, या सगळ्यात हात घालावा लागेल. डेमिंगच्या 14 सूत्रांपैकी मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की कामाच्या जागेवरून भीती घालवा. घाबरलेला शिक्षक अंतर्गत गुण वाढवून देतो. आकडा सुधारतो, मूल होतं तिथेच राहतं.

1994 मध्ये कॉलेजांचं मूल्यांकन करणारं ‘नॅक’ आलं, कॉलेजांत अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष आले. कल्पना चांगलीच आहे. पण जिथे हा कक्ष पथक येण्याआधी फाइली भरण्यापुरता उघडतो, तिथे ती प्रतवारीची प्रतवारी होते.

विद्यार्थी म्हणजे ग्राहक, असं या पद्धतीचे काही समर्थक म्हणतात. ते मला पटत नाही. ग्राहकाला खूश ठेवायचं असतं. विद्यार्थ्याला कधी कधी न आवडणारं काम द्यावं लागतं. तो कच्चा मालही नाही, कारण पत्र्याला घडण्यासाठी स्वतः मेहनत करावी लागत नाही. कारखान्यातून घ्यायची ती प्रक्रियेकडे बघण्याची सवय, बाकीचं तिथेच राहू द्यावं.

ही सवय लावायला खर्चही येत नाही. हार्वर्डचे संख्याशास्त्रज्ञ फ्रेडरिक मॉस्टेलर तास संपताना विद्यार्थ्यांना विचारायचे, आज सगळ्यात गढूळ राहिलेला मुद्दा कोणता? त्यावर 1989 मध्ये त्यांनी लिहिलंही. मी चिठ्ठ्या गोळा करते, नावाविना. बेंडिंग मोमेंटच्या, म्हणजे बलामुळे तुळई किती वाकू पाहते त्या मापाच्या, आठवड्यात मला वाटलं होतं, मुलं सूत्रात अडतील. घरी चिठ्ठ्यांचे गठ्ठे लावले, तर सगळ्यात जाड गठ्ठा निघाला अधिक-उणे चिन्हांचा. बल वर गेलं तर अधिक की उणे, कोणत्या बाजूने मोजायचं, एवढंच. दुसऱ्या दिवशी पट्टी हातात घेऊन वाकवून दाखवली, वीस मिनिटं फक्त चिन्हांवर. पुढच्या वर्षी तो धडा चिन्हांपासूनच सुरू केला.

फरक पडला का? वर्षातून एकच निकाल पाहिला असता, तर हे कळायला म्हातारपण आलं असतं. म्हणून दोन्ही तुकड्यांच्या प्रत्येक चाचणीचा बिंदू मी आलेखावर मांडते. नापासांचे सलग आठ बिंदू मध्यरेषेखाली आले, तर प्रक्रिया बदलली असं मानायचा कारखान्यात प्रघात आहे. नाणं आठ वेळा उडवून आठही वेळा छापा पडण्याची शक्यता 256 मध्ये एक, इतकी ती गोष्ट योगायोगाने अवघड. माझ्या आलेखावर सध्या सलग पाच आहेत. सहावा बिंदू दिवाळीच्या सुटीनंतरच्या चाचणीत पडेल.