कॅन्सरचं जनुक म्हणजे नेमकं कोणतं?

"माझ्यात बीआरसीए जीन निघालं," असं स्तनाच्या कॅन्सरशी जोडल्या जाणाऱ्या या जनुकाबद्दल कुणी म्हणालं की मला राहवत नाही. अहो, ते सगळ्यांतच असतं! वारशाने येते ती त्याची बिघडलेली प्रत. 'कॅन्सरचं जनुक' या एका नावाखाली आपण दोन उलट स्वभावाची जनुकं कोंबतो, तिथून हा घोळ सुरू होतो.

पहिलं ऑन्कोजीन. बिघडण्याआधी ते पेशीला विभाजनाचा निरोप पोचवणारं साधं, कामाचं जनुक असतं. उदाहरणार्थ रास. त्याचं प्रथिन इशारा मिळाला की चालू होतं आणि काम झालं की आपोआप बंद. मूत्राशयाच्या कॅन्सरच्या पेशींत १९८२ साली दिसलं, की डीएनएचं एकच अक्षर बदललंय आणि तेवढ्याने हे बंद होणं थांबलंय. बहुतेक जनुकांच्या आपल्यात दोन प्रती असतात, पण इथे जोडीतली दुसरी प्रत धडधाकट असूनही काही फरक पडत नाही. टाकीला दोन मोटारी असल्या आणि एकीचं बटण अडकलं, तर दुसरी बंद ठेवून टाकी वाहायची थोडीच थांबते?

ट्यूमर सप्रेसरचं गणित वेगळं. हे विभाजन रोखणारं किंवा डीएनएची डागडुजी करणारं जनुक, त्यामुळे एक प्रत गेली तरी दुसरी बहुतेक वेळा निभावून नेते. अमेरिकन संशोधक आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये लहान मुलांच्या डोळ्यांतल्या रेटिनोब्लास्टोमा या कॅन्सरवरून हे ओळखलं. ज्या मुलांत एक प्रत जन्मतःच बाद असते, त्यांना दुसरा एकच घाव पुरतो; म्हणून त्यांना गाठी लवकर आणि अनेकदा दोन्ही डोळ्यांत होतात. बाकीच्यांत एकाच पेशीत दोन्ही घाव बसावे लागतात. ते जनुक म्हणजे आरबी.

गंमत अशी, की शास्त्रज्ञही फसले. १९७९ मध्ये सापडलेलं पी५३ सुमारे दहा वर्षं ऑन्कोजीन समजलं जात होतं, कारण प्रयोगांत वापरलेल्या प्रती मुळातच बिघडलेल्या होत्या. १९८९ च्या सुमारास कळलं, की हा तर राखणदार, म्हणजे ट्यूमर सप्रेसर आहे.

उपचारांत हा फरक फार जाणवतो. अडकून चालू राहिलेलं प्रथिन औषधाने बंद पाडता येतं. एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरवरचं इमॅटिनिब २००१ पासून तेच करतंय. पण जे प्रथिन उरलंच नाही, त्याला बंद काय करणार? म्हणून बीआरसीएच्या, म्हणजे डागडुजी करणाऱ्या ट्यूमर सप्रेसरच्या बाबतीत आडवाट शोधली गेली: दुरुस्तीचा एक रस्ता आधीच गमावलेल्या पेशीचा दुसराही रस्ता ओलापॅरिबसारखी औषधं अडवतात, आणि ती पेशी मरते.